तुमच्या देवांना मी आंघोळ घातली

मामा, आधी भांडण, मग बाकीचं.

तुम्ही गेलात ते गेलात, पण जाताना तुमचे देव माझ्या गळ्यात बांधून गेलात. अख्ख्या बाजारहत्नूरमध्ये त्यांना आंघोळ घालायला दुसरं कोणी सापडलं नाही का हो? तुमच्या दुकानातून कापूर-उदबत्ती नेणाऱ्या, उठताबसता हात जोडणाऱ्या कितीतरी बायका गावात आहेत. आणि नंबर लागला कोणाचा, तर माझा.

झालं असं. तुम्हाला पोचवून मी आदिलाबादला घरी आले, भाचीचं दीड दिवसाचं सुतक पाळलं, आणि बँकेत जायला डबा भरत होते. तेवढ्यात प्रकाशचा फोन आला. तुमचा हा मुलगा आधीच मुलखाचा अबोल, त्यात आता डोक्यावरचा बाप गेलेला. म्हणाला, "ताई, आई बोलावून राह्यली. देवाचं पाहा लागते." मला वाटलं, तेरवीचं काही ठरवायचं असेल. इच्चोड्याला बस बदलून पोचले तर मामी ओसरीत भिंतीला टेकून बसलेली, आणि आत तुमच्या जागेवर पिठावर ठेवलेला दिवा. मला बघून ती रडेल असं वाटलं होतं. तिनं मला नीट बसूसुद्धा दिलं नाही.

"आंघोळ कर अन् देवाचं पाह्य," ती म्हणाली. "आमाले दहा दिवस देवाले शिवता येत नाई. तुहं सुतक फिटलं. हे गेल्यापासून देव पारोसे हायेत."

"शेजारच्या अक्काले सांग ना मामी."

"अक्का चांगली हाये, पन आपले टाक कसे मांडाचे ते तिले काय मालूम? तू या घरची भाची, अन् सुतकातून मोकळी. आनखी कोन पायजे?"

मी तिथंच उभी राहिले. का उभी राहिले ते मामीला कळलं नसेल, तुम्हाला नक्की कळलं असतं. तुम्ही कुठं असाल तर आता हसत असाल. नसाल, तर प्रश्नच मिटला. बघा, तुमच्याशी बोलतानाही माझी ही 'असाल तर, नसाल तर'ची सवय सुटत नाही. ह्याच सवयीवरून आपण इतकी वर्षं भांडलो.

आज एकदा सगळं सलग सांगते. जिवंत होता तेव्हा तुम्ही माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत. आता ऐकाच.

मी चौथीत असेन. दसऱ्याला आम्ही तुमच्याकडे आलो होतो. आरती चालली होती. तुम्ही घंटा वाजवत होतात, आई टाळ्या वाजवत होती, मी डोळे मिटून उभी होते. का कोण जाणे, मी एक डोळा उघडून देवघरात पाहिलं, आणि मनात आलं, हे सगळे कोणाला ओवाळून राहिले? आत कोणीच नसलं तर? बस, एवढंच. पोरकट विचार होता, आरतीनंतरच्या प्रसादाबरोबर तो पोटात गेलाही असता. पण दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला आणि तो उतरेना. डॉक्टर म्हणाले टायफॉईड. मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायला लागली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी प्रवासाला. मला मात्र ताप कशानं आला ते बरोबर माहीत होतं.

मी कोणालाच सांगितलं नाही, फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझे लाडके मामा होतात, दुकानातल्या बरणीतून खडीसाखर काढून माझ्या फ्रॉकच्या खिशात टाकणारे. वाटलं, तुम्ही हसाल, डोक्यात टपली माराल आणि 'जाय खेळाले' म्हणाल. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहराच उतरला. माझं मनगट धरून तुम्ही मला देवघरापुढं नेलंत आणि म्हणालात, "नाक घास. म्हन, चुकली देवा, पुन्हा असं मनात आननार नाई." मी घासलं. नाकाचं साल निघालं तरी घासत राहिले. आणि मामा, काही दिवसांनी आईचा ताप उतरला.

तिथंच सगळा घोळ झाला. आई बरी झाली ह्याचा आनंद होताच, पण माझ्या दृष्टीनं पुरावा पक्का झाला. शंका आली, आई आजारी पडली. नाक घासलं, आई बरी झाली. आमच्या बँकेच्या ऑडिटरनंही इतका चोख निकाल कधी दिलेला नाही.

त्या दिवसापासून मला एक सोडून दोन भीती लागल्या. देव नसला तर, ही एक. मग आई-बाबा, तुम्ही, आम्ही सगळे उघड्यावर, वरून बघणारं कोणी नाही. आणि देव असला तर, ही दुसरी. मग तो माझ्या मनातलं सगळं ऐकतोय, आणि त्याची शिक्षा मला नाही, माझ्या माणसांना देणार. न मानणाऱ्याला निदान दुसरी भीती नसते, मानणाऱ्याला पहिली नसते. मी मात्र दोन्हींकडून मार खाल्ला.

आणि शंका काही बोलावून येत नाही. ती शिंकेसारखी येते, दाबायला जावं तर जास्त जोरात येते. परीक्षेच्या हॉलमध्ये आली. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला होता तेव्हा आली. पोरीच्या वेळी कळा देतानाही आली, म्हणजे बघा किती निर्लज्ज. आली की मी मनातल्या मनात नाक घासायची. तुम्हाला सांगते, शाखेत चार माणसांवर हुकूम चालवणारी बाई, केबिनचं दार लोटून कॅलेंडरवरच्या देवाची माफी मागत असे. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची.

आई गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. तिचं हृदय थकलं होतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं आणि मला ते समजलंही. तरी तेरवीपर्यंत मी हेच आठवत बसले होते, की तिच्या आजारात मला शंका नेमकी कोणत्या दिवशी आली होती. धड रडताही आलं नाही मला. चौकशीला बोलावलेल्या माणसानं रडावं तसं रडले.

त्याच वर्षी मी तुमच्या दुकानात येऊन भांडले. तुम्ही ते कधी विसरला नाहीत, मीही नाही. बाजाराचा दिवस होता. नारळाची पोती दारात, भिंतीला टेकवून ठेवलेले काचेतले देव, कुंकवाचा वास. एक बाई मुलाला बरं नाही म्हणून नवसाचं सामान न्यायला आली होती. तुम्ही तुमच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत तिला 'रा अम्मा, रा' करून आत घेतलंत, सगळं काढून दिलंत, आणि वर बजावलंत की ह्यातलं काही चुकवू नको, चुकलं तर बरं नाही. ती बिचारी मान हलवत गेली. 

"चुकलं तर काय होईन मामा?" मी विचारलं.

"असं म्हनाची रीत हाये."

"या रीतीनंच माह्यं वाटोळं केलं. कापूर-नारळ तुमी नावाले विकता. भीती हाच तुमचा धंदा हाये."

अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मी हे बोलले. तुमचे कान लाल झाले. "बँकेत लागली म्हनून मामाले अक्कल शिकवतं काय वं?" तुम्ही ओरडलात. "निंघ! माह्या दुकानातून निंघ!" मी निघाले. वळणावर पोचते न पोचते तोच मागं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. भर बाजाराच्या दिवशी तुम्ही दुकान बंद केलंत. मामी म्हणत होती, एरवी तिच्या बाळंतपणातही तुम्ही ते केलं नव्हतं.

मला वाटलं, झालं, माहेरपणाचं उरलेलं एक दार होतं, तेही मी लावून घेतलं. दिवाळीला मी तुमच्याकडे आले ती जीव मुठीत धरून. आणि आल्या आल्या तुम्ही पुढं झालात, वाकलात. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. वयानं कितीही लहान असली तरी भाची पूज्य. लहानपणी मला ह्याची मोठी गंमत वाटायची, की एवढा मिशीवाला माणूस माझ्या पायाशी खाली येतो. पण त्या दिवाळीला मी पाय मागं घेतले.

"नका पडू मामा," मी म्हटलं. "माह्या मनात देवाबद्दल काय काय येते ते तुमाले मालूम हाये. मी त्या लायकीची नाई."

तुम्ही वाकलेलेच होतात, एका हातानं कंबर धरून. वर न बघता खेकसलात, "पाय इकडं कर! पाया माह्या पडाच्या हायेत, तुहं काय जाते? तुले इचारून पडतो का मी?"

घरातले सगळे हसले. प्रकाशसुद्धा हसला. मलाही हसू फुटलं आणि मी पाय पुढं केले. आपलं भांडण त्यानं मिटलं नाही, नुसतं थांबलं. पण मी त्या प्रसंगाचा नंतर पुष्कळदा विचार केला. माझ्यात पूज्य असं काही आहे की नाही ह्याची तुम्ही कधी चौकशीच केली नाहीत. पायांना बसमधली धूळ असायची, अर्धवट उडालेलं नेलपॉलिश असायचं. तुम्हाला वाकायचं होतं, तुम्ही वाकलात. तुमचं तुमच्यापुरतं पुरं होत होतं.

आपलं शेवटचं बोलणं आदिलाबादच्या दवाखान्यात झालं. दुपार होती, मामी आणि प्रकाश चहा आणायला खाली गेले होते. तुम्ही छताच्या पंख्याकडं बघत पडला होतात. मी समजत होते, तुम्हाला डुलकी लागली.

"सुषे," तुम्ही म्हणालात, "तुहं नाक सोललं होतं ना तवा?"

इतक्या वर्षांत तुम्ही ह्या गोष्टीचा स्वतःहून कधी उल्लेख केला नव्हता. मी म्हटलं, "हो मामा."

"तू मनात धरून ठेवलं ते."

"हो."

तुम्ही पुन्हा पंख्याकडं पाहिलंत. मग म्हणालात, "मीबी घाबरलो होतो वं. एकच बहीन माही. तू असं म्हनलं, अन् मले वाटलं, त्यानं खरंच आयकलं असन तर?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण सिस्टर सलाईन बदलायला आली, तिनं तेलुगूत तुमची फिरकी घेतली, तुम्ही तिला हसून उत्तर दिलंत. मागोमाग मामी चहा घेऊन आली. आणि त्यानंतर तुमच्यात बोलण्याइतका दम उरला नाही. माझं उत्तर तसंच राहून गेलं.

कारण मामा, एवढी वर्षं मी असं धरून चालले होते, की तुम्हाला खात्री होती. तुम्ही देवाच्या बाजूचे, तुम्हाला आतलं माहीत. तुम्ही म्हणालात नाक घास, म्हणजे नक्कीच तसं काही असणार. तुमच्या खात्रीमुळेच मी घाबरले. आणि तुम्ही सांगता काय, तर तुम्हाला खात्री नव्हतीच. नुसती भीती होती, माझ्याइतकीच. तेव्हा तुमचं वय आजच्या प्रकाशपेक्षाही कमी होतं. एका घाबरलेल्या पोरानं दुसऱ्या घाबरलेल्या पोरीचं मनगट धरलं होतं, आणि मी त्याला देवाचा हुकूम समजत बसले.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दिवशी तुमच्या देवघराच्या दारात उभी होते. म्हटलं, आता लपवाछपवी नको. मामीला सांगून टाकलं, "मामी, मले नाई जमनार. माह्या मनात शंका हाये. देवाले हात लावाचा अन् मनात भलतंच याचं. घर आधीच दुःखात हाये, माह्यामुळं आनखी काही झालं तर?"

 मामीनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं. "आंघोळ देवायले घालाची हाये," ती म्हणाली, "तुह्या शंकेले नाई. पानी कोमट घे."

तर घेतलं कोमट पाणी. ताम्हणात एकेक देव काढला. खंडोबाचा टाक, देवीचा टाक, अन्नपूर्णा, पितळी गणपती, आणि तो रांगता बाळकृष्ण. तुमच्या अंगठ्यानं पुसून पुसून त्याचं नाक झिजलंय मामा. त्याचंही! मामी उंबऱ्याबाहेर बसून सूचना देत होती, "देवी उजवीकडं. अवं, तुह्या नाई, त्यायच्या उजवीकडं!" तुम्ही पूजेत काय पुटपुटत होतात ते मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. मंत्र येत नव्हते. बाळाला घालतात तशी गप्पपणे आंघोळ घातली.

शंका आली का? येणारच. खंडोबाला गंध लावताना आली, अगदी ठरल्यासारखी. हे धातूचे तुकडे आहेत सुषमाबाई, तू कोणाला गंध लावून राहिलीस? सवयीनं मी मनातल्या मनात नाक घासायला निघाले. पण हातात ओला देव होता, त्याला पुसल्याशिवाय माफी तरी कशी मागणार? पुसला. तो ठेवला तर दुसरा ओला. तो पुसला. मग फुलं, मग दिवा, मग दूधसाखर. शंका आपली बाजूला बसून राहिली, मी माझं काम उरकलं. माफी मागायची राहिली हे मला बाहेर आल्यावर लक्षात आलं.

मग तुळशीची भानगड झाली. ही तुम्हाला सांगायलाच हवी.

मी उतरले आहे शेजारच्या अक्काकडे, कारण सुतकाच्या घरी जेवायचं नाही आणि मामीला शिवायचं नाही. अक्का मला डाळीचा पप्पू आणि भात वाढते आणि तुमच्या आठवणी काढून रडते. त्या दिवशी मामीला जरा डोळा लागला होता, म्हणून सूचनांशिवायच मी पूजा केली आणि अक्काच्या ओसरीत येऊन तिला गवार मोडू लागले. मोडता मोडता एकदम आठवलं. मी सगळ्या देवांना सरसकट तुळस वाहिली होती. गणपतीलासुद्धा. मामा, गणपतीला तुळस चालत नाही हे मी तुमच्याच दुकानात शंभरदा ऐकलंय! "गनपतीले दुर्वा. तुळस नाई बरं, भलतंच व्हईन," असं तुम्ही बोट वर करून सांगायचात.

मी तशीच पळाले. आंघोळीचंही भान राहिलं नाही. उंबऱ्याशी गुडघे टेकून मी पान उचलायला हात लांब केला, आणि हात तिथंच थांबला. म्हटलं, थांब. एकदा नीट बघू, मी घाबरले तरी कशाला? आता कोण आजारी पडणार? कोण जाणार?

जाणारा तर गेला होता. ज्यानं जन्मात एकदाही गणपतीला तुळस वाहिली नाही, तो गेला होता. तुमची एक चतुर्थी चुकली नाही मामा, एक दिवस देव पारोसे राहिले नाहीत, आणि तरी तुम्ही अजून जायचं नसताना गेलात. तुमच्या हातून कोणतं पान चुकीच्या देवावर पडलं होतं? कोणतंच नाही. आईच्या मनातही कधी शंका आली नसेल. तिला टायफॉईड पाण्यानं झाला आणि ती डॉक्टरांच्या औषधानं बरी झाली. हे मला चौथीतच कळायला हवं होतं, पण तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि पुढं मी कोणाचं ऐकलं नाही. वर कोणी असेलही, नसेलही. पण पानापानाची चूक टिपून माणसांना ताप पाठवणारा कोणी तिथं बसलेला नाही. तसा कोणी असता तर तुम्ही आज दुकानात असतात.

मी देवघरापुढं फतकल मारून बसले आणि मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं, सुतकाच्या घरात. गणपतीच्या डोक्यावर ते पान टोपी घातल्यासारखं तिरकं बसलं होतं. मामी जागी झाली.

"काय झालं वं?"

"गनपतीले तुळस वाह्यली मी."

तिनं उंबऱ्याशी येऊन पान बघितलं. मग म्हणाली, "राहू दे आता. उद्या दुर्वा वाह्य."

खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी फोनवर लक्ष ठेवून होते. इतक्या वर्षांची सवय एका हसण्यानं जात नाही. फोन आलाही. पोरीचं नाव बघून पहिल्या रिंगलाच उचलला. तिला विचारायचं होतं, "आई, कुकरची शिट्टी कुठं ठेवली तू?" मी सांगितलं, फ्रिजवर. तिनं फोन ठेवला. संध्याकाळी अक्कानं केलेली गवारीची भाजी मी दोनदा मागून घेतली.

तर आता तुमचं उत्तर, दवाखान्यात राहून गेलेलं.

मामा, माझा तुमच्यावर राग होता. थोडाथोडका नाही, पुष्कळ होता. त्या दिवशी तुम्ही मला नुसतं जवळ घेतलं असतं तर माझं आयुष्य सोपं झालं असतं, हे मी म्हणणारच. पण आई आत तापानं फणफणत होती, तुमचे हातपाय गळाले होते, आणि तुम्हाला येत होतं ते तुम्ही केलंत. तुम्ही म्हणायचात, "आपन दरखास्त द्याची, मंजूर करनं त्याच्या हाती." माझ्या नाकानं तुम्ही तुमच्या बहिणीसाठी दरखास्त दिलीत. आज त्याचा राग येत नाही. तुम्ही 'घाबरलो होतो' म्हणालात ना, त्यानं माझी सुटका केली. तुम्ही तुमच्या श्रद्धेबद्दल मला जे जे सांगितलंत त्यातलं काही माझ्या कामी आलं नाही. तुमची भीती मात्र कामी आली. एवढं तरी तुम्ही जाण्याआधी बोललात, म्हणून मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. उशीर केलात हेही सांगते.

शंका अजून आहे. ती जाईल असं वाटत नाही आणि जावी अशी माझी आता इच्छाही नाही. आज गंध लावतानाही ती होती. तिच्यासकट मी पूजा केली, छान केली, मामीनं एकही चूक काढली नाही.

आजची पूजा माझी शेवटची. उद्या दहावा. घराचं सुतक फिटलं की देव प्रकाशकडे जातील. तो अबोल असला तरी त्याला मंत्र येतात, तुम्ही शिकवलेत. उद्या माणसं नाल्यावर कावळ्याची वाट बघतील आणि तुमची कोणती इच्छा राहिली ह्यावर तर्क चालतील. मी त्यात पडणार नाही.

आज पूजा उरकून मी दिवा नीट केला. मामी उंबऱ्याबाहेर तिच्या जागेवर बसलेली होती. आज तिनं एकही सूचना केली नाही. बराच वेळ ती देवांकडं बघत राहिली. मग आसपास कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "सुषे, खरं सांग. हाये का वं तो?"

तुमची बायको, मामा! जिनं तुमच्या बरोबरीनं सगळे उपास केले, तुमच्या देवांची भांडी चिंचेनं घासली. घरातल्या सगळ्यात देवभोळ्या बाईनं घरातल्या सगळ्यात संशयी बाईला विचारलं. आणि तिला खरं उत्तर हवं होतं, समजूत नको होती. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मले नाई मालूम मामी," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, तुमच्या सगळ्या देवांसमोर. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि माझा आवाजही हलला नाही.

ती मान हलवत राहिली. "मलेबी नाई," म्हणाली. "हे होते, एवढं मालूम हाये."

मी उंबरा ओलांडून तिच्याजवळ गेले. तिला शिवलं की मला पुन्हा आंघोळ पडणार होती. पडू दे म्हटलं, आणि तिला कवेत घेतलं. आजवर माझं माणूस गेलं की मी रडले ते निम्मं भीतीनं रडले. आज मी नुसती तुमच्यासाठी रडले, मामा.